हसता हसता फास: ‘बॅलड ऑफ बस्टर स्क्रग्ज’ कोणी कोणी पाहिलाय?

तिरफळ

(गोष्टी फोडल्याशिवाय यावर बोलता येणार नाही. शेवट आधी कळलेला ज्यांना चालत नाही त्यांनी सिनेमा बघून या. धागा कुठे पळून जात नाही.)

परवा भाच्याने फोनवर एक मीम दाखवलं. फाशीच्या तख्तावर माणसं ओळीने उभी आहेत. एक जण ढसाढसा रडतोय आणि शेजारचा, स्वतःच्या गळ्यात दोर असताना, त्याच्याकडे वळून विचारतो, ‘पहिलीच वेळ?’ त्यांच्या होस्टेलवर परीक्षेच्या आदल्या रात्री हे फिरतं म्हणे. कुठल्या सिनेमातलं ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून शनिवारी त्याला समोर बसवून अख्खा सिनेमा दाखवला. माझी तिसरी खेप. पठ्ठ्या दोन गोष्टी खदाखदा हसला, तिसरीनंतर फोन उलटा ठेवला आणि शेवटी ‘मावशी, तू तर कॉमेडी म्हणाली होतीस’ एवढंच बोलून जेवायला उठला.

त्याच्या त्या वाक्यासाठी हा धागा.

सिनेमा वेस्टर्न आहे, म्हणजे घोडे, पिस्तुलं आणि जुन्या अमेरिकेतले माळ. कोएन बंधूंचा, २०१८ चा, नेटफ्लिक्सवर आला. व्हेनिसला पटकथेचं बक्षीस मिळालं. सव्वादोन तासांत सहा सुट्या गोष्टी आहेत, एकीतलं माणूस दुसरीत येत नाही. एक जुनं पुस्तक उघडतं, एक हात पानं उलटतो. प्रत्येक गोष्टीआधी एक रंगीत चित्र येतं आणि त्याखाली त्याच गोष्टीतलं एखादं वाक्य. हे चित्र आणि वाक्य विसरू नका, पुढे काम आहे.

पहिल्या गोष्टीत पांढरेशुभ्र कपडे, पांढरा घोडा आणि हातात गिटार घेतलेला बस्टर (टिम ब्लेक नेल्सन) आपल्याशीच गप्पा मारत येतो. त्याच्या नावाच्या ‘पकडून द्या’वाल्या पत्रकावर त्याला माणूसघाणा म्हटलंय याचंच त्याला वाईट वाटतं, खुनांचं काही नाही. गुत्त्यात एकाने त्याच्यावर पिस्तूल रोखलं, तर हा टेबलाची फळी पायाने अशी दाबतो की समोरच्याचं पिस्तूल समोरच्यालाच तीनदा लागतं. मग मयताच्या नावाने गाणं म्हणतो आणि अख्खा गुत्ता नाचतो. निव्वळ व्यंगचित्र, रक्तसुद्धा चित्रातलं. आणि मग काळ्या कपड्यांतला एक पोरगेला गाणारा येतो आणि बस्टरलाच उडवतो. बस्टर खिशातला आरसा काढून कपाळावरचं भोक बघतो. मग त्याला पंख फुटतात आणि मारणारा आणि मेलेला मिळून द्वंद्वगीत गातात. (त्या गाण्याला ऑस्करचं नामांकन होतं.)

आता माझं म्हणणं. एका गोष्टीच्या सिनेमात प्रेक्षकाचा आणि नायकाचा एक करार असतो: शेवटच्या रिळापर्यंत तू मरायचं नाहीस. तिकीट आपण त्या करारावर काढतो. इथे ज्याच्या नावावर सिनेमा आहे तो माणूस पहिल्या वीस मिनिटांत जातो, म्हणजे करार फाडून हातात दिला. अजून पाच गोष्टी बाकी आहेत आणि कुणाचीच हमी नाही. सुट्या गोष्टींचं सोंग यासाठीच घेतलंय असं मला वाटतं. लांब सिनेमात मरण एकदा येतं, त्याची तयारी करता येते. इथे ते दर वीस मिनिटांनी वेगळा सदरा घालून येतं आणि प्रत्येक वेळी आपण त्याला नव्याने ‘या, बसा’ म्हणतो.

दुसऱ्या गोष्टीत (तीच फासावाली, जेम्स फ्रँको) गडी माळावरची एकुलती एक बँक लुटायला जातो, तर म्हातारा कारकून अंगभर तवे नि भांडी बांधून गोळ्या झेलत, ओरडत धावून येतो. इथवर हसू फुटतं. तिसरीत ते घशात अडकतं. लियम नीसन गावोगाव खेळ लावणारा. त्याच्याकडे हातपाय नसलेला एक तरुण कलाकार आहे (हॅरी मेलिंग, हॅरी पॉटरमधला डडली, ओळखूसुद्धा येत नाही). तो गाडीवरच्या छोट्या रंगमंचावरून शेलीची कविता, बायबलमधली केन-एबलची गोष्ट, शेक्सपिअर आणि लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण म्हणतो. गल्ला दर गावात घटत जातो. शेजारच्या गर्दीत एक हिशेब करणारी कोंबडी असते. नीसन ती कोंबडी विकत घेतो. मग एका पुलावर गाडी थांबवतो आणि एक धोंडा उचलून नदीत टाकून बघतो.

पुढच्या दृश्यात गाडीत कोंबडी एकटीच असते. बास. एक शब्द नाही.

हा विनोद आहे का? मला विचाराल तर हो, आणि पहिल्या गोष्टीतल्या फळीच्या विनोदाइतकाच घट्ट बांधलेला. फरक एवढाच, की तिथे आपण मारणाऱ्याच्या बाजूला बसलो होतो.

पुढचं तुम्ही बोला.

काजूकतली

धाग्याची जागा पकडून ठेवते. सिनेमा अर्धा पाहिलाय. त्या पुलापाशी बंद केला होता, पुन्हा लावायचं धाडस झालं नाही.

लांबचा पाहुणा

मी वर ‘वेस्टर्न’ वाचून ‘पाश्चात्त्य’ सिनेमांबद्दल असेल म्हणून आलो. इथे तर घोडे आणि टोप्या.

असो, आलोच आहे तर भर घालतो. ‘वाइल्ड टेल्स’ पाहा. अर्जेंटिनाचा, २०१४ चा, दामियान सिफ्रोनचा. त्यातही सहाच गोष्टी, सहाही काळ्याकुट्ट आणि सगळ्या सुडाच्या. हायवेवर दोन गाडीवाले एकमेकांना शिव्या देता देता शेवटी गाडीसकट जळतात. पोलिसांना दोन कोळसा झालेले सांगाडे मिठी मारलेल्या अवस्थेत सापडतात आणि ते प्रेमप्रकरण असावं असा कयास बांधतात. मी सोफ्यावरून खाली आलो होतो.

तिथे माणूस स्वतः खड्डा खणतो. कोएनवाल्यात खड्डा आधीच असतो, माणूस चालत येतो. मला पहिला प्रकार जास्त आवडतो कारण त्यात निदान आपला काही हात असतो.

तिरफळ

लांबचा पाहुणा, खड्डा आधीच असतो हे अगदी नेमकं. पाचव्या गोष्टीत तर तो खरोखरचाच आहे, माळावर प्रेअरी डॉगची (खारीच्या जातीचा, जमिनीत राहणारा प्राणी) बिळं असतात नि घोडे त्यात पाय अडकून कोसळतात.

मु. पो. करवीर

चौथ्या गोष्टीवर कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. टॉम वेट्स एकटाच, गाढव घेऊन एका हिरव्यागार दरीत येतो आणि सोनं शोधतो. मूळ गोष्ट जॅक लंडनची. अख्ख्या गोष्टीत संवाद म्हणजे म्हाताऱ्याची स्वतःशी बडबड.

आमचं घर कोल्हापूरच्या गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या मागे. लहानपणी सकाळी दुकानं उघडायच्या आत झारेकरी यायचे. सराफांच्या दारापुढची माती, गटारातला गाळ कुंच्याने गोळा करून परातीत घ्यायचे आणि पाणी घालून हळूहळू फिरवायचे. हलकी माती वाहून जाते, जड कण तळाला राहतात. वेट्सचं पात्र तवलीसारख्या पसरट भांड्यात नेमकं तेच करतं. पण मजा त्याच्या मोजण्यात आहे. ओढ्याकाठी ओळीने खड्डे घेतो, दर भांड्यात कण किती ते मोजतो. दोन्ही टोकांना आकडा घसरला की मधला पट्टा कळतो. मग त्या पट्ट्यातून चढावर सरकतो, खड्डे अरुंद होत जातात आणि शेवटी सोन्याचा साठा. त्याला तो ‘मिस्टर पॉकेट’ म्हणून हाका मारतो, जसा काही सावकार दडून बसलाय. सिनेमाने हे सगळं घाई न करता दाखवलंय. काम करणारा माणूस बघायला मला कंटाळा येत नाही.

मध्येच तो घुबडाच्या घरट्यातली अंडी काढतो. घुबडीण समोरच्या फांदीवरून बघते. तेव्हा लाजून एकच ठेवतो, बाकीची परत. पक्ष्याला असं किती मोजता येणार, असं स्वतःलाच समजावतो.

आणि आता बघा, लगेच आधीच्या गोष्टीत हिशेब करणारी कोंबडी होती! हे पाठोपाठ उगाच ठेवलेलं नाही.

काजूकतली

अरे देवा. कोंबडी आणि घुबड. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अर्धा कप

सगळे आरती ओवाळताय तर मी जरा टाळ वाजवणं थांबवतो.

मला हा सिनेमा थंड वाटला. थंड म्हणजे फ्रिजमधल्या स्टीलच्या वाटीसारखा. सुंदर आहे, ब्रूनो देल्बोनेलने टिपलेला एकेक माळ भिंतीवर लावावा असा. पण दिग्दर्शक वर बसलेत आणि खाली किडे मरताना बघतायत. हातपाय नसलेल्या माणसाला नदीत टाकणं आणि वर ‘बघा आम्ही किती संयमाने दाखवलं’ हा आव. दुसऱ्याच्या जिवावर हुशारी. काळा विनोद मला कळतो, पण त्यात कुणीतरी स्वतःवर हसत असावं लागतं.

दुसरं, अँथॉलॉजी (अशा सुट्या गोष्टींचा सिनेमा) म्हटलं की दोन गोष्टी बऱ्या आणि बाकी भरताड हा जागतिक नियम. इथेही दुसरी म्हणजे लांबवलेला चुटका आहे. मीमपुरती ठीक.

तिरफळ

अर्धा कप, चुटका आहे हे मान्य. पण चुटक्याचा शेवट पाहा. फास अडकवलेला असताना त्याला गर्दीत निळ्या कपड्यातली एक मुलगी दिसते, ती हसते, तोही हसतो. तेवढ्यात डोक्यावर टोपडं आणि खटका. अंधारात लोकांच्या टाळ्या ऐकू येतात. त्या टाळ्या कोण वाजवतंय? गावकरी, आणि त्यांच्याबरोबर आपणही, दहा मिनिटं तव्यांवर हसलेले. तुम्ही म्हणता ना कुणीतरी स्वतःवर हसावं, तर इथे आपल्याला आपल्यावर हसायला लावलंय असं मला वाटतं.

कोंबडीचं मात्र मी अजून पचवू शकलेले नाही. तो थंडपणा मुद्दाम आहे, पण मुद्दाम आहे म्हणून तो बोचत नाही असं नाही.

मु. पो. करवीर

कोंबडीवरून आठवलं. आपल्याकडे नंदीबैलवाला येतो. ‘पाऊस पडेल का?’ की बैल मान हलवतो. गुबुगुबु ढोलकीच्या इशाऱ्यावर ते चालतं हे साऱ्या गावाला ठाऊक असतं, तरी बाया सुपातून धान्य घालतात. सिनेमातली कोंबडी चोच मारून बेरजेचं उत्तर देते. लोकांना लिंकनपेक्षा तेच बघायचंय. नीसनच्या पात्राने काय केलं? भाकड जनावर काढून दुभतं आणलं. गावच्या बाजारात रोज होतं ते. ‘भाकड’ शब्द माणसाला लावला की कसं वाटतं, तेवढीच ती गोष्ट.

मूळ इंग्रजी नावाचा अर्थही तोच ना? ‘मील तिकीट’, म्हणजे ज्याच्यावर आपलं पोट चालतं तो.

जुना रद्दीवाला

तरुण मंडळींनो, एक म्हातारा मध्ये बोलतो.

आम्ही वेस्टर्न पाहिले ते पुण्यातल्या अलका टॉकीजला. तिकडे सकाळी घोडे दौडायचे, दुपारी आम्ही वर्गात झोपायचो. तेव्हाही सुट्या गोष्टींचा वेस्टर्न होता: ‘हाउ द वेस्ट वॉज वन’, १९६२ चा, पाच भाग, तीन दिग्दर्शक (त्यातला एक जॉन फोर्ड), तीन प्रोजेक्टरवाला सिनेरामाचा पडदा गृहीत धरून काढलेला. त्यात एका घराण्याच्या पिढ्या पुढे सरकतात नि देश जिंकत जातो. कोएन बंधूंनी तोच साचा घेऊन आतून पोकळ केला. इथे पिढी सरकत नाही, काही जिंकत नाही, पुस्तकाचं पान तेवढं उलटतं.

पण मला बोलायचंय ते जी. एं.बद्दल. अमेरिकेतला हा सरहद्दीवरचा मुलूख आपल्यातल्या बऱ्याच वाचकांना घोड्यांवरून भेटलाच नाही, तो जी. ए. कुलकर्ण्यांनी केलेल्या कॉनरॅड रिक्टरच्या अनुवादांतून भेटला. ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’. तिथे पिस्तूलबाजी जवळपास नाही. सूर्य जमिनीला लागत नाही असं जंगल, एक कुटुंब, ताप, भूक आणि कुऱ्हाड. धारवाडात बसलेल्या माणसाला ओहायोचं रान आपलं का वाटलं असेल? माझं उत्तर असं की दोन्हीकडे नियती दाराबाहेर उभी असते आणि ती कडी वाजवत नाही. म्हणून ‘बस्टर’ पाहताना मला कोएनपेक्षा जी. ए. जास्त आठवले. फक्त जी. ए. हसू देत नाहीत. हे दोघे देतात आणि मग त्याचं व्याज वसूल करतात.

अर्धा कप

रद्दीवाले काका, व्याजाचं वाक्य ढापतोय. :)

पण जी. एं.ची माणसं मरतात तेव्हा मला ती माहीत असतात. इथे वीस मिनिटांची ओळख.

जुना रद्दीवाला

पाचवी गोष्ट पुन्हा पाहा, मग बोलू.

प्लॅटकाठ

डेनव्हरहून. उशिरा आलो, इकडे दिवस उगवायचाय.

पाचवीबद्दल. अ‍ॅलिस (झोई कझान, दिग्दर्शक एलिया कझानची नात) भावाबरोबर ऑरेगनच्या वाटेने बैलगाड्यांच्या तांड्यात निघालीय. भाऊ वाटेतच आजाराने जातो. मागे एक सतत भुंकणारं कुत्रं राहतं, नाव ‘प्रेसिडेंट पिअर्स’, आणि गाडी हाकणाऱ्या पोराची थकलेली मजुरी. पैसे बहुधा भावाच्या अंगावरच पुरले गेलेत. तांड्याचा वाटाड्या बिली नॅप तिला लग्नाचं विचारतो, आणि कसं विचारतो तर हिशेबाने: ऑरेगनला एकट्याला ३२० एकर, जोडप्याला ६४०. तसा कायदा १८५० मध्ये खरोखर झाला होता. मी पाहिलेली सगळ्यात प्रेमळ मागणी आहे ती. दोन लाजाळू माणसं एकराएकराने जवळ येतात.

मग मूळ रहिवाशांचा हल्ला. म्हातारा वाटाड्या आर्थर तिला पिस्तूल देतो: मी पडलो तर स्वतःवर चालव. तो पडतो, पण पडल्याचं सोंग असतं. ती ते खरं मानते.

माझी तक्रार इथे आहे. सहा गोष्टींत मूळ रहिवासी दोनदा येतात आणि दोन्हीदा घोड्यावरचं वादळ म्हणून. ना नाव, ना चेहरा, ना वाक्य. जुन्या वेस्टर्नची टिंगल करतोय म्हणायचं आणि त्यातलं सगळ्यात वाईट सामान जसंच्या तसं वापरायचं? जॉन अनरू नावाच्या इतिहासकाराने या वाटांवरच्या मृत्यूंची मोजदाद केलीय: १८४० ते १८६० या काळात मूळ रहिवाशांच्या हातून मेलेले प्रवासी ३६२, प्रवाशांच्या हातून मेलेले मूळ रहिवासी ४२६. खरा काळ होता तो कॉलरा. म्हणजे अ‍ॅलिसच्या भावाचं मरण जास्त खरं आणि तिचं मरण जास्त सिनेमातलं.

तिरफळ

प्लॅटकाठ, आकडे माहीत नव्हते, आभार. यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. ‘हे त्या जुन्या पुस्तकाच्या नजरेतून आहे’ असा बचाव करता येतो, मी आधी तो करायचेही. पण ज्या पुस्तकाचा बुरखा घ्यायचा ते निवडलंय कुणी? तक्रार रास्त आहे.

एक मात्र सांगते. तुमच्या हिशेबाने तिचं मरण सिनेमातलं असेल, पण बघा कशाने येतं. अ‍ॅलिसने आजवर स्वतःहून काही ठरवलेलंच नसतं, भाऊ म्हणेल तसं. बिलीला होकार हा तिचा पहिला निर्णय आणि ते पिस्तूल दुसरा. चौथ्या गोष्टीत पाठीत गोळी लागलेला म्हातारा मेल्याचं सोंग करतो आणि वाचतो. तेव्हा आपण सुटकेचा श्वास टाकला होता ना? पुढच्याच गोष्टीत तेच सोंग एका मुलीचा जीव घेतं. या गोष्टी सुट्या आहेत असं कोण म्हणालं? अरे हो, मीच म्हणाले होते वर.

आणि ते चित्राखालचं वाक्य! पाचवीच्या सुरुवातीलाच पान दिसतं: बिली नॅपला काय सांगावं हे मिस्टर आर्थरना सुचेना. शेवट पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलाय. पण तेव्हा आपण बिली नॅपला ओळखत नसतो, म्हणून पान उलटू देतो. पाऊण तासाने म्हातारा कुत्र्याला घेऊन तांड्याकडे परत चालायला लागतो तेव्हा ते वाक्य मागून येऊन खांद्यावर हात ठेवतं.

प्लॅटकाठ

हे मी पाहिलंच नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, वाचलं नव्हतं.

अवांतर: सहाव्या गोष्टीतली घोडागाडी ज्या फोर्ट मॉर्गनला चाललीय ते गाव खरं आहे, माझ्यापासून ८० मैलांवर. एके काळी लष्करी ठाणं, आता बीटाचा साखर कारखाना. सांगलीच्या माणसाला तिथे उतरल्यावर घरच्यासारखं वाटतं, वास सोडून. लेखक फिलिप के. डिक तिथल्या दफनभूमीत आहे. त्याची जुळी बहीण १९२९ मध्ये दीड महिन्याची असताना गेली. आईवडिलांनी तिच्या दगडावर शेजारी याचंही नाव कोरून घेतलं, मृत्यूची तारीख मोकळी ठेवून. ती जागा ५३ वर्षांनी भरली. कोएन बंधूंना हे ठाऊक होतं का नव्हतं, पण गाडी बरोबर गावाला पाठवली.

काजूकतली

झोप उडाली. आभार.

लांबचा पाहुणा

सहावी मला वेळेवर कळलीच नाही. पाच माणसं एका गाडीत बसून वाद घालतायत, टपावर प्रेत, बाहेरचा उजेड पिवळ्याचा निळा होतोय, गाडीवान थांबायला तयार नाही. संपल्यावर बायको म्हणाली, ‘अरे, ते मेलेत सगळे.’ मी म्हटलं, कोण?

तिरफळ

वहिनींना नमस्कार सांगा. सिनेमा खात्रीने तसं म्हणत नाही, पण मीही त्यांच्याच पार्टीत.

त्यातला तो इंग्रज, बक्षिसासाठी माणसं मारणारा, आपली कामाची रीत सांगतो. हा सावजाला गोष्ट सांगून गुंगवतो आणि जोडीदार तेवढ्यात काम उरकतो. लोकांना गोष्टी का आवडतात तर त्या आपल्यासारख्यांच्या असतात पण आपल्या नसतात, असा त्याचा सिद्धान्त. हे तो गाडीतल्या तिघांना सांगतोय, आणि ते अगदी कान देऊन ऐकतायत. मी तिसऱ्या खेपेला तिथे पॉज केलं. आधीचे पावणेदोन तास आपण काय करत होतो मग?

अर्धा कप

हजर आहे. काल रात्री पाचवी आणि सहावी पुन्हा पाहिली, रद्दीवाले काकांच्या आज्ञेवरून. आईही बसली होती, तिला इंग्रजी फारसं कळत नाही, मी मध्ये मध्ये सांगत होतो.

थंड वाटला हे मत अर्धं मागे घेतो. एकरांच्या मागणीपाशी विरघळलो. तिसरीबद्दलचं मत कायम.

आईने एकच विचारलं, ‘त्या कुत्र्याचं पुढे काय झालं?’ म्हटलं, वाचलं की, चाललंय म्हाताऱ्याबरोबर. ती म्हणाली, ‘मग त्या नॅपकडे देतील. आधी तोच गोळी घालायला निघाला होता ना त्याला?’

मी सिनेमा दोनदा पाहिलाय, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिरफळ

तुमच्या आईंना इथे आयडी काढून द्या.